आवक बारनिशीपासून तिकिटापर्यंत : लिनक्स सर्व्हरवर तक्रार-नोंद प्रणालीची उभारणी (विशेष संदर्भ : भूगाव, ता. मुळशी, जि. पुणे)

प्रस्तावना

पुणे शहराच्या पश्चिमेस चांदणी चौक व बावधन मागे टाकल्यावर पौड रस्त्यावर भूगाव लागते. मानस तलाव आणि जुने गावठाण ही या गावाची पूर्वीची ओळख होय. गेल्या काही दशकांत या गावठाणाभोवती मोठ्या गृहसंस्था, शाळा व दुकाने उभी राहिली. ३० जून २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेत २३ गावांचा समावेश झाला, तेव्हा शेजारचे बावधन बुद्रुक शहरात गेले. भूगाव त्या यादीत नव्हते. याचा परिणाम असा की, गावाच्या गरजा शहराच्या झाल्या आणि त्या गरजांची दाद घेणारी यंत्रणा मात्र गावाचीच राहिली.

अशा गावात नागरिकाची तक्रार एका दारी थांबत नाही. नळाला पाणी नसेल तर ग्रामपंचायत, वीज गेली तर महावितरण, बांधकाम परवानगीचा प्रश्न असेल तर २०१५ मध्ये स्थापन झालेले पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, आणि मुख्य रस्त्यावरील खड्डा असेल तर तो रस्ता ज्या विभागाच्या ताब्यात आहे तो विभाग. ही वाटणी शासकीय दृष्टीने योग्यच आहे. परंतु तिसऱ्या मजल्यावर पाण्याचा टँकर कधी येणार याची वाट पाहणाऱ्या गृहिणीला ती ठाऊक असणे शक्य नाही, आणि ठाऊक असावी अशी अपेक्षा करणेही योग्य नाही. तिला तीन गोष्टी हव्या असतात : तक्रार पोहोचली काय, ती कोणाकडे आहे, आणि उत्तर केव्हा मिळेल.

या तीन प्रश्नांची उत्तरे देणारे सॉफ्टवेअर विनामूल्य उपलब्ध आहे व ते साध्या लिनक्स सर्व्हरवर चालते. इंग्रजीत त्यास 'हेल्प डेस्क' वा 'तिकीट' प्रणाली म्हणतात. ग्रामपंचायत, महाविद्यालय किंवा दोन-तीनशे सदनिकांची गृहसंस्था अशी प्रणाली कशी उभारू शकेल, आणि उभारताना मराठी वापराच्या दृष्टीने कोणत्या अडचणी येतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. भूगाव येथे उदाहरण म्हणून घेतले आहे. तेथे अशी प्रणाली कार्यरत आहे असा दावा यात नाही.

बारनिशीची परंपरा

'तिकीट' ही कल्पना परकी वाटत असली तरी महाराष्ट्रातील कार्यालयांना ती नवी नाही. प्रत्येक शासकीय कार्यालयात आवक-जावक बारनिशी असते. आलेल्या पत्रावर शिक्का मारून आवक क्रमांक व दिनांक टाकावयाचा, कोणत्या लिपिकाकडे पत्र दिले ते लिहावयाचे, आणि उत्तर गेल्यावर जावक क्रमांक नोंदवावयाचा, ही शिस्त संगणकपूर्व काळातील आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकीवरून न हलणारा ग्रामीण अर्जदार ही पद्धत उत्तम जाणतो. त्या शिक्क्याची प्रत हेच त्याचे तिकीट.

या शिस्तीत सुधारणा करण्याचे प्रयत्नही महाराष्ट्रात झाले. १९८० च्या दशकाच्या आरंभी अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची मांडणी व कागदांची व्यवस्था बदलण्याचा जो प्रयोग केला, तो 'लखिना पॅटर्न' म्हणून ओळखला गेला. पुढे २०१७ च्या सुमारास पुणे विभागाचे तत्कालीन विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी' मोहीम राबविली. या मोहिमेने सहा गठ्ठा पद्धतीवर पुन्हा भर दिला. प्रलंबित, प्रतीक्षाधीन, अभिलेखकक्षात पाठवावयाचे, नष्ट करावयाचे अशी कागदांची वर्गवारी करणाऱ्या या पद्धतीतील 'प्रतीक्षाधीन' हा गठ्ठा विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे; पुढे त्याचे काम पडणार आहे.

बारनिशीची मर्यादा अशी की ती एका टेबलावर असते. अर्जदारास ती घरबसल्या पाहता येत नाही, आणि मुदत उलटली तर ती वही आपणहून काही बोलत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ या कायद्याने ही उणीव ओळखली. अधिसूचित सेवेसाठी अर्ज करणाऱ्यास विशिष्ट अर्ज क्रमांक देण्याची तरतूद त्यात आहे, जेणेकरून अर्जाची स्थिती ऑनलाइन पाहता यावी. पदनिर्देशित अधिकारी, प्रथम अपील, द्वितीय अपील व आयोग अशी पायरीही त्यात आखून दिली आहे. त्याच वर्षी राज्य शासनाने 'आपले सरकार' हे तक्रार निवारण संकेतस्थळ सुरू केले. केंद्र शासनाची तक्रार निवारण प्रणाली २००७ पासून चालू असून २०२४ मध्ये तिची निपटाऱ्याची मुदत ३० दिवसांवरून २१ दिवसांवर आणण्यात आली. राज्य व देश पातळीवर जे मोठ्या खर्चाने झाले, ते गाव पातळीवर अल्प खर्चात होऊ शकते काय, हा या लेखाचा खरा प्रश्न आहे.

तिकीट प्रणालीचे स्वरूप

संगणक क्षेत्रात ही पद्धत नेटवर्क सांभाळणाऱ्या केंद्रांतून आली. जानेवारी १९९२ मध्ये इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजांच्या मालिकेत १२९७ क्रमांकाचा जो दस्तऐवज प्रसिद्ध झाला, त्यात अशा प्रणालीकडून काय अपेक्षावे याची चर्चा डेल जॉन्सन यांनी केली आहे. त्यांनी तिकिटाची तुलना रुग्णालयातील रुग्णाच्या नोंदपत्रकाशी केली. पाळी बदलते, डॉक्टर बदलतात, परिचारिका बदलते. पलंगाला अडकवलेला कागद मात्र तोच राहतो, आणि नवा माणूस तो वाचून काम पुढे नेतो. तिकिटाचे मर्म यातच आहे. तक्रार माणसाच्या स्मरणात न राहता नोंदीत राहते.

प्रत्येक तिकिटास क्रमांक, विषय, तक्रारदार, विभाग, जबाबदार व्यक्ती, स्थिती आणि मुदत असते. त्याखाली संभाषणाचा धागा असतो. या धाग्यात दोन प्रकारच्या नोंदी येतात : तक्रारदारास दिसणारे उत्तर आणि केवळ कर्मचाऱ्यांस दिसणारी अंतर्गत टिपणी. शासकीय नस्तीतील टिपणी-भाग व पत्रव्यवहार-भाग यांच्याशी हे विभाजन तंतोतंत जुळते, म्हणून कार्यालयीन कर्मचाऱ्यांना ते समजावून देण्यास अडचण पडत नाही.

सॉफ्टवेअरची निवड

मुक्त परवान्याखालील अनेक प्रणाली उपलब्ध आहेत. जेसी व्हिन्सेंट यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली 'रिक्वेस्ट ट्रॅकर' ही त्यांतील जुनी व अजूनही वापरात असलेली प्रणाली होय. मार्टिन एडेनहोफर यांनी २००१ च्या सुमारास 'ओटीआरएस' तयार केली. तिची मुक्त आवृत्ती २०२० च्या अखेरीस मूळ कंपनीने बंद केली आणि 'झ्नुनी' या नावाने इतरांनी ती पुढे चालविली. एडेनहोफर यांचीच 'झॅमॅड' ही प्रणाली २०१६ मध्ये आली. ती दिसावयास सुबक आहे, परंतु तिला स्मृती अधिक लागते. फ्रान्समध्ये विकसित झालेली 'जीएलपीआय' तक्रारींबरोबर संगणक-साहित्याची नोंदही ठेवते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळांना ती सोयीची ठरू शकते.

ओटीआरएसचे उदाहरण निवड करणाऱ्याने विसरू नये. कंपनीने हात काढून घेतल्यावरही प्रणाली जगली, ती केवळ परवाना मुक्त होता म्हणून. विकत घेतलेल्या बंदिस्त सॉफ्टवेअरच्या बाबतीत अशा प्रसंगी ग्राहकाच्या हाती फक्त देयकांच्या पावत्या उरतात. भारत सरकारनेही २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले आहे.

पुढील विवेचनासाठी 'ऑसटिकेट' ही प्रणाली घेतली आहे. ती पीएचपी भाषेत लिहिलेली असून मायएसक्यूएल वा मारियाडीबी या डेटाबेसवर चालते, जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली मिळते, आणि पुण्यासारख्या शहरात पीएचपी जाणणारा विद्यार्थी सहज सापडतो. शेवटचे कारण तांत्रिक नाही, तरीही ते सर्वांत वजनदार आहे.

स्थापनेची प्रक्रिया

दोन गिगाबाइट स्मृती व चाळीस गिगाबाइट साठवण असलेला लहान सर्व्हर गावाच्या कामास पुरतो. तो भाड्याने घेतलेला असावा की कार्यालयात ठेवलेला, हा निर्णय मुळशीच्या पावसाळ्याकडे पाहून घ्यावा. सह्याद्रीच्या कुशीतील या तालुक्यात पावसाळ्यात वीज व जोडणी दोन्ही खंडित होण्याचा संभव असतो, आणि तक्रारी वाढतात त्या नेमक्या त्याच दिवसांत. कार्यालयातील कपाटात ठेवलेला सर्व्हर अशा वेळी बंद पडला, तर वीज गेल्याची तक्रार नोंदविण्यास वीजच नाही अशी स्थिती होते.

लिनक्सची वितरणे अनेक आहेत. डेबियन हे त्यांतील स्थिर व दीर्घकाळ आधार मिळणारे वितरण आहे. प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅक या, मुख्यालय पुण्यात असलेल्या संस्थेने विकसित केलेली 'बॉस' ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे. येथे आवृत्त्यांची जुळणी प्रथम पाहावी. जून २०२३ मधील डेबियन १२ सोबत पीएचपी ८.२ व मारियाडीबी १०.११ मिळतात, ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ सोबत पीएचपी ८.४ मिळते. ऑसटिकेटच्या निवडलेल्या आवृत्तीस कोणते पीएचपी मान्य आहे हे तिच्या माहितीपत्रात वाचून मगच लिनक्सची आवृत्ती ठरवावी. सर्व्हर उभा करून नंतर सॉफ्टवेअर शोधणे म्हणजे चौकट बसवून मग दार मोजण्यासारखे आहे.

पॅकेज व्यवस्थापकाच्या साहाय्याने प्रणाली अद्ययावत केल्यावर अपाचे हा वेब सर्व्हर, मारियाडीबी आणि पीएचपी बसवावे. पीएचपीसोबत काही पूरक घटक लागतात : डेटाबेसशी जोडणारा, बहुबाइट अक्षरे हाताळणारा, चित्रे हाताळणारा, एक्सएमएल वाचणारा आणि भाषांतरासाठीचा. बहुबाइट अक्षरांचा घटक विसरला तर इंग्रजीचे काम चालते व देवनागरी बिघडते; त्यामुळे चूक स्थापनेच्या दिवशी न कळता पहिल्या मराठी तक्रारीच्या दिवशी कळते.

डेटाबेस बसविल्यावर त्याची सुरक्षा-आज्ञावली चालवून निनावी खाती काढून टाकावीत. नंतर ऑसटिकेटसाठी एक रिकामा डेटाबेस व एक स्वतंत्र वापरकर्ता निर्माण करावा. या वापरकर्त्यास केवळ त्याच डेटाबेसवर अधिकार द्यावेत. मूळ प्रशासकाचे नाव व परवलीचा शब्द येथे देण्याचा मोह पुष्कळांना होतो, कारण त्यामुळे काम पाच मिनिटांनी लवकर संपते. त्याच सर्व्हरवर उद्या घरपट्टीची नोंद ठेवली गेली, तर तक्रार प्रणालीतील एका छिद्रातून तीही उघडी पडेल.

ऑसटिकेटचे संकुचित पाकीट उलगडल्यावर त्यात 'अपलोड' नावाचा फोल्डर दिसतो. त्यातील सर्व सामग्री वेब सर्व्हरच्या जागेत न्यावी. आतील 'इन्क्लूड' फोल्डरमध्ये संरचनेची नमुना फाईल असते. तिची प्रत करून तिला खऱ्या संरचना फाईलचे नाव द्यावयाचे आणि तिच्यावर लेखनाची अनुमती द्यावयाची. लिनक्समध्ये अनुमती अंकांनी दर्शवितात : वाचनास ४, लेखनास २, चालविण्यास १. ०६६६ याचा अर्थ मालक, गट व इतर सर्व यांना वाचन-लेखन दोन्ही मोकळे. स्थापना चालू असेपर्यंतच हे क्षम्य आहे.

यानंतरचे काम ब्राउझरमध्ये होते. 'सेटअप' पानावर मदत कक्षाचे नाव, त्याचा ई-मेल पत्ता, प्रशासकाचे नाव, आणि डेटाबेसचे तपशील भरावयाचे असतात. प्रशासकाचा ई-मेल आणि मदत कक्षाचा ई-मेल हे दोन भिन्न असावे लागतात. बटण दाबल्यावर काही क्षणांत सारण्या तयार होतात आणि स्थापना पूर्ण झाल्याचा संदेश दिसतो.

पुष्कळ ठिकाणी काम येथेच थांबते आणि धोका येथूनच सुरू होतो. 'सेटअप' फोल्डर तत्काळ काढून टाकला पाहिजे. संरचना फाईलची अनुमती ०६४४ वर आणली पाहिजे, म्हणजे लेखन केवळ मालकास शक्य राहील. परंतु त्या फाईलची मालकी वेब सर्व्हर चालविणाऱ्या खात्याकडेच असेल, तर ०६४४ केल्याने काहीच साधत नाही, कारण तेच खाते तिचे मालक आहे. म्हणून मालकी मूळ प्रशासकाकडे द्यावी व वेब सर्व्हरला वाचनापुरता अधिकार ठेवावा. परवलीचे शब्द उघड्यावर जाऊ नयेत यासाठी 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेचे विनामूल्य प्रमाणपत्र बसवावे. ते अल्पमुदतीचे असल्याने त्याचे नूतनीकरण आपोआप होईल अशी योजना करावी. अग्निभिंतीत वेबची दोन द्वारे व दूरस्थ प्रवेशाचे एक द्वार सोडून बाकी सर्व बंद असावे.

काळ, मुदत आणि टपाल

सर्व्हरचे घड्याळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर असते. प्रणालीत भारतीय वेळ निवडली नाही, तर सकाळी दहाची तक्रार पहाटे साडेचारची दिसते आणि मुदतीच्या हिशेबावर कोणाचाच विश्वास बसत नाही. ऑसटिकेटच्या १.१४ आवृत्तीपासून कामकाजाचे तास व सुट्ट्यांचे वेळापत्रक मांडता येते. गावाच्या यात्रेची सुट्टी, गणपतीचे दिवस, दुसरा शनिवार हे सर्व त्यात भरावे. टँकरच्या तक्रारीस चोवीस तास आणि गटाराच्या दुरुस्तीस सात दिवस अशा निरनिराळ्या मुदती ठरविता येतात. या मुदती संगणक ठरवीत नाही. त्या ग्रामसभेत अथवा संस्थेच्या बैठकीत ठरल्या तरच त्यांना अर्थ राहतो.

मुदत उलटल्याची खूण उमटविणे, आलेले ई-मेल आत घेणे ही कामे ठराविक अंतराने चालणाऱ्या आज्ञेवर अवलंबून असतात. लिनक्सच्या 'क्रॉन' या सेवेत दर पाच मिनिटांची नोंद केली म्हणजे ती होतात. अशी नोंद केली नाही तरी प्रणाली चालते, मात्र ती कामे कर्मचारी पानावर असतानाच होतात. परिणामी रविवारी आलेली पत्रे सोमवारी लिपिक बसल्यावर आत येतात, व त्यांवर सोमवारचा ठसा उमटतो. बारनिशीतील जुनाच दोष नव्या रूपाने परत येतो.

ई-मेल जोडताना पूर्वी नाव व परवलीचा शब्द पुरत असे. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून ही साधी पद्धत बंद करण्यास आरंभ केला व गूगलनेही तोच मार्ग धरला. आता 'ओऑथ' पद्धतीची जोडणी करावी लागते आणि त्यासाठी ऑसटिकेटचा स्वतंत्र पूरक घटक बसवावा लागतो. जुन्या मार्गदर्शिका वाचून काम करणाऱ्यांचा बराच वेळ येथे जातो.

मराठी वापराचे प्रश्न

साठवणुकीच्या दृष्टीने देवनागरी सोपी आहे. यूटीएफ-८ पद्धतीत तिचे प्रत्येक वर्णचिन्ह तीन बाइट घेते, आणि डेटाबेसच्या तीन बाइटच्या जुन्या वर्णसंचातही ते मावते. अडचण येते ती वॉट्सअ‍ॅपवरून नकलून आणलेल्या मजकुरातील हसऱ्या चेहऱ्यांची. ते चार बाइटचे असतात; तीन बाइटच्या सारणीत त्यांच्यापाशी मजकूर छाटला जाण्याचा किंवा नोंद नाकारली जाण्याचा धोका असतो. स्थापनेनंतर अशी एक चाचणी अवश्य घ्यावी.

शोधाचा प्रश्न याहून गंभीर आहे. डेटाबेसच्या पूर्ण-मजकूर शोधास किमान शब्दलांबीची अट असते. इनोडीबी या साठवण-यंत्रणेत ती तीन वर्णांची व जुन्या मायआयसॅममध्ये चारची असते. इंग्रजीतील बारीकसारीक शब्द वगळण्यासाठी ही योजना आहे. मराठीत मात्र 'नळ' हा शब्द दोनच वर्णांचा! म्हणजे गावातील सर्वांत अधिक येणारी तक्रार ज्या शब्दाने शोधावयाची, तोच शब्द अनुक्रमणिकेत येत नाही. ही मर्यादा संरचनेत बदलता येते. परंतु बदलानंतर डेटाबेस पुन्हा सुरू करून अनुक्रमणिका नव्याने बांधावी लागते. तक्रारींची संख्या हजारांत जाण्यापूर्वीच हे केलेले बरे.

दुसरी अडचण 'ऱ' या अक्षराची. 'कचऱ्याची गाडी आली नाही' या वाक्यातील 'कचऱ्याची' हा शब्द टंकनपद्धतीनुसार दोन प्रकारे साठविला जातो : एकात खाली टिंब असलेला 'ऱ' व हलन्त, तर दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शब्दशः जुळवणी करणाऱ्या शोधाला मात्र ते भिन्न शब्द वाटू शकतात. भ्रमणध्वनीवरून आलेली तक्रार सापडते व कार्यालयातील संगणकावरून टंकलेली सापडत नाही, असा चमत्कार यातून घडतो. शिवाय 'कचरा', 'कचऱ्याचे', 'कचऱ्यामुळे' ही रूपे एकाच शब्दाची आहेत हे यंत्रास कळत नाही. श्री-लिपीसारख्या संचांतील युनिकोडपूर्व टंकांत लिहून चिकटविलेले अर्ज तर रोमन अक्षरांची निरर्थक माळ म्हणूनच येतात.

यावर व्यवहार्य उपाय असा की शोधावर विसंबू नये. ऑसटिकेटमध्ये 'मदत-विषय' आधीच ठरविता येतात. 'पाणी', 'कचरा', 'दिवाबत्ती', 'गटार', 'दाखले' असे मोजके विषय मराठीत द्यावेत आणि प्रत्येक विषयास विभाग, मुदत व जबाबदार व्यक्ती जोडावी. तक्रारदाराने विषय निवडला की तिकीट योग्य टेबलावर जाते. विषयांची संख्या दहापलीकडे नेऊ नये. यादी लांबली की लोक पहिला विषय निवडून मोकळे होतात. ई-मेलचे साचे, तयार उत्तरे व अर्जातील रकान्यांची नावे प्रशासकास मराठीत लिहिता येतात. ती लिहिताना कार्यालयीन भाषेचा अतिरेक टाळावा. 'आपली तक्रार पुढील कार्यवाहीस्तव अग्रेषित करण्यात आली आहे' यापेक्षा 'आपली तक्रार पाणीपुरवठा कर्मचाऱ्यांकडे दिली आहे; उद्या सायंकाळपर्यंत उत्तर मिळेल' हे वाक्य अधिक उपयोगी आहे, कारण त्यात दिलेले वचन तपासता येते.

ई-मेल नसलेला तक्रारदार

ऑसटिकेट प्रत्येक तक्रारदारास त्याच्या ई-मेल पत्त्याने ओळखते. तो रकाना अनिवार्य आहे. गृहसंस्थेत याची अडचण होणार नाही. गावठाणातील वृद्ध शेतकऱ्याकडे भ्रमणध्वनी असतो, ई-मेल नसतो. प्रणाली जर केवळ पत्ता असणाऱ्यांचीच दाद घेऊ लागली, तर ज्यांची तक्रार आजवर कागदावर तरी येत होती, त्यांची तीही वाट बंद होईल. नव्या वस्तीच्या तक्रारी आकडेवारीत ठळक दिसतील, जुन्या वस्तीच्या दिसणारच नाहीत, आणि निधीचा निर्णय त्या आकडेवारीवर होईल. तांत्रिक वाटणाऱ्या एका रकान्यातून निर्माण होणारा हा अन्याय आहे.

यासाठी दूरध्वनीवर वा प्रत्यक्ष आलेली तक्रार लिपिकाने स्वतः प्रणालीत नोंदवावी. पत्त्याच्या जागी भ्रमणध्वनी क्रमांकापासून बनविलेला एक काल्पनिक पत्ता संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवर द्यावा. अशा नोंदींसाठी स्वयंचलित उत्तर बंद ठेवणे आवश्यक आहे. अन्यथा न पोहोचलेले उत्तर परत येईल, त्याचे नवे तिकीट होईल, त्यास पुन्हा उत्तर जाईल आणि फेरा सुरू होईल. प्रणालीत यावर काही बंधने आहेत, तरी त्यांच्यावर सर्व भार टाकू नये. तक्रारदारास क्रमांक लिहिलेली कागदी चिठ्ठी द्यावी. ती त्याला बारनिशीच्या शिक्क्याइतकीच विश्वासार्ह वाटेल.

क्रमांकाविषयी एक टीप येथे आवश्यक आहे. ऑसटिकेटचा क्रमांक मुळात सहा अंकी व यादृच्छिक असतो. कार्यालयांना ते रुचत नाही. त्यांना १, २, ३ असा क्रम हवा असतो आणि तशी सोयही आहे. तथापि तिकिटाची स्थिती क्रमांक व पत्ता देऊन पाहता येते. क्रम सरळ असेल आणि पत्ते भ्रमणध्वनी क्रमांकावरून बनविलेले असतील, तर शेजाऱ्याची तक्रार वाचणे फार कठीण राहणार नाही. यादृच्छिक क्रमांक ठेवून वार्षिक एकूण संख्या अहवालातून काढणे हा अधिक सुरक्षित मार्ग होय.

'निकाली' या शब्दाचा अर्थ

तिकीट उघडे असते, सोडविलेले असते वा बंद असते. पाण्याची वाहिनी दुरुस्त झाली, तिकीट बंद केले, येथे प्रश्न नाही. परंतु मुख्य रस्त्यावरील खड्ड्याची तक्रार ग्रामपंचायतीकडे आली तर काय करावे? कागदी व्यवहारात ती संबंधित विभागाकडे पाठवून 'निकाली' म्हणून दाखविण्याचा प्रघात आहे. जावक क्रमांक पडला की टेबल स्वच्छ होते. खड्डा तसाच राहतो.

तिकीट प्रणालीत हा प्रघात जसाच्या तसा आणला, तर ती प्रणाली बारनिशीपेक्षा घातक ठरेल, कारण आता त्या असत्यास आलेखांचे व टक्केवारीचे रूप मिळेल. येथे सहा गठ्ठ्यांतील 'प्रतीक्षाधीन' या कल्पनेचा उपयोग होतो. ऑसटिकेटच्या स्थितींच्या यादीत नवी स्थिती जोडता येते व ती 'उघड्या' वर्गात ठेवता येते. 'अन्य विभागाकडे प्रतीक्षाधीन' अशी स्थिती करून त्या तिकिटावर बाह्य विभागाचा स्वतःचा तक्रार क्रमांक नोंदवावा. वीजपुरवठ्याचा विषय असेल तर महावितरणकडील क्रमांक, 'आपले सरकार'वर दिलेल्या तक्रारीचा असेल तर तेथील टोकन क्रमांक. ग्रामपंचायतीचे काम तेव्हा खड्डा बुजविणे हे राहत नाही. तो बुजला की नाही हे विचारीत राहणे हे राहते, आणि ते ती करू शकते. दर महिन्यास अशा तिकिटांची यादी छापून लावली, तर कोणत्या विभागाकडे किती तक्रारी किती दिवस पडून आहेत हे ग्रामसभेस दिसेल. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे कायद्याने बंधनकारक असल्याने त्या यादीस व्यासपीठही आहे.

एकाच प्रश्नावर अनेक तक्रारी आल्यास त्या एकत्र जोडण्याची सोय आहे. जलवाहिनी फुटली की चाळीस घरांतून चाळीस तिकिटे येतील. ती एकत्र करून चाळिसांना एकच उत्तर द्यावे. मात्र अहवालात एकच तक्रार आली असे दाखवू नये.

प्रत व गोपनीयता

तक्रारीसोबत लोक छायाचित्रे पाठवितात. ऑसटिकेट ही जोडपत्रे मुळात डेटाबेसमध्येच साठविते, त्यामुळे चार-पाच मेगाबाइटच्या छायाचित्रांनी डेटाबेस झपाट्याने फुगतो व त्याची प्रत घेणे मंदावते. जोडपत्रे डिस्कवर स्वतंत्र ठेवण्याचा पूरक घटक उपलब्ध आहे. तो आरंभीच बसवावा व आकाराची मर्यादा घालावी. तसे केल्यावर प्रत दोन ठिकाणची घ्यावी लागते, डेटाबेसची आणि त्या फोल्डरची. एकाचीच घेतली तर परत उभारलेल्या तिकिटांत छायाचित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतील. संरचना फाईलची प्रतही वेगळी जपावी. तिच्यात असलेल्या गुप्त किल्लीवाचून साठविलेले ई-मेल खात्यांचे परवलीचे शब्द उलगडता येत नाहीत.

तक्रारीत नाव, पत्ता, भ्रमणध्वनी आणि कित्येकदा शेजाऱ्याविषयीचा मजकूर असतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. ग्रामपंचायत असो वा गृहसंस्था, कोणत्या कर्मचाऱ्यास कोणत्या विभागाची तिकिटे दिसावीत हे ऑसटिकेटमधील भूमिकांच्या साहाय्याने आखून द्यावे. टँकरचालकास पत्ता व दूरध्वनी पुरतो. त्याने वसुलीच्या वादाची टिपणी पाहण्याचे कारण नाही. नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे, मात्र ते पुसू नये, कारण त्याने दिलेली उत्तरे त्याच्याच नावावर राहिली पाहिजेत.

रात्री घेतलेली प्रत दुसऱ्या ठिकाणी जावी, आणि तीन महिन्यांतून एकदा ती एखाद्या जुन्या संगणकावर प्रत्यक्ष उभारून पाहावी. उभारलेल्या प्रतीत मागील पावसाळ्यातील एखादे तिकीट उघडून त्यातील मराठी मजकूर, छायाचित्र व दिनांक ही तिन्ही जागेवर आहेत काय, एवढे पाहण्यास अर्धा तास लागतो. हे काम कोण करणार त्याचे नाव स्थापनेच्या दिवशीच लिहून ठेवावे.